डाव्या कानाची साक्ष

आमच्या मंडळीत महिन्याच्या शेवटच्या रविवारी साक्षी होतात. कोणाची गाठ विरघळलेली असते, कोणाच्या मुलाचं सिलेक्शन झालेलं असतं, कोणाची बदली थांबलेली असते. माणूस उभा राहतो, डोळे पुसत सांगतो आणि सगळे हालेलुया म्हणतात. पाळकसाहेब बरेच दिवस माझ्या मागे लागलेत की तुम्हीही एकदा उभे राहा. मी टाळतो. चोवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस मी, पण त्या माइकसमोर जायचं म्हटलं की मागच्या दाराकडे सरकतो. कारण माझ्या साक्षीत कोणी बरं होत नाही. एक कान गेला तो गेलाच. मी गुडघे टेकले, उपास केले, रडलो, तरी तो परत आला नाही. असल्या साक्षीवर हालेलुया म्हणावं की गप्प बसावं हे लोकांना कळायचं नाही, म्हणून आपलं लिहूनच काढतो.

माझे वडील नगर जिल्ह्यातल्या एका मिशन शाळेत मास्तर होते. त्यांनी वर्गात कधी छडी ठेवली नाही. गावात त्यांना 'गरीब गाय' म्हणत, आणि ते काही कौतुकानं म्हणत नसत. मी नऊ वर्षांचा असताना आठवड्याच्या बाजारात एका दारुड्यानं काही कारण नसताना त्यांच्या कानाखाली खाडकन मारली. टोपी उडाली. बाबांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली, आणि कांदेवाल्याला म्हणाले, "हं, दोन किलो दे." बस्स. सगळा बाजार बघत होता. मी पिशवी धरून त्यांच्या शेजारी उभा होतो, आणि मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. घरी येताना मी त्यांना म्हणालो, "तुम्ही भित्रे आहात." त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि चालत राहिले. त्या दिवशी मी ठरवलं की आपण असं व्हायचं नाही, आणि अठरा पूर्ण झाल्या झाल्या फौजेत भरती झालो.

नायब सुभेदार म्हणून बाहेर पडलो तेव्हा माझी बायको शैला दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत होती, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका ऑफिसात. तिला क्वार्टर होतं, मुलगी कॉलेजात होती, मग मीही दिल्लीचाच झालो. शैला माहेरची हिंदू. तिचा देव्हारा स्वयंपाकघरात, माझं पवित्र शास्त्र बाहेरच्या खोलीत, आणि दोघांच्या मध्ये फ्रिज. आई गेल्यावर बाबांनाही आम्ही इथेच आणलं. शेवटची सहा वर्षं ते आमच्याकडे होते. दर रविवारी मी त्यांना पहाडगंजजवळच्या त्या हॉलमध्ये न्यायचो जिथे दुपारी आमची मराठी उपासना भरते. ते नेहमी डाव्या भिंतीला लागून, शेवटच्या टोकाला बसत. वय झाल्यानं ऐकू कमी यायचं. कोणी बोललं की हनुवटी जरा वर करून मान डावीकडे वळवत आणि उजवा कान पुढे आणत. आमची मुलगी हसायची, "आजोबा कोंबडीसारखे बघतात."

जेवणं झाली की बाबांचा आणि माझा वाद ठरलेला. मी फौजी, मला माझी बाजू शास्त्रातून पटवून हवी असायची. मी म्हणायचो, प्रभूनं मंदिरात चाबूक उचलला की नाही? रोमी फौजेतल्या शताधिपतीला त्यानं नोकरी सोड म्हटलं का? राज्यकर्ता तलवार उगीच धरत नाही असं पौल लिहितो की नाही? बाबा वरणाची वाटी पुसत ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, "चाबूक वळला हे खरं आहे. पण कोणाच्या अंगावर वळ उठला असं काही लिहिलेलं नाही." मी चिडायचो. "मग आम्ही सीमेवर काय फुलं वाहायची होती का?" त्यावर ते शांतपणे म्हणत, "तू जागा होतास म्हणून आम्ही झोपलो, हे मी कसं नाकारू? पण बाळ, बागेत पेत्रानंही प्रभूला वाचवायलाच तलवार काढली होती. कारण चांगलंच होतं." शैला आतून ओरडायची, "आता युद्ध थांबवा आणि ताटं आत आणा." माझ्याकडे या प्रश्नाचं पक्कं उत्तर तेव्हा होतं. आज नाही. सीमेवर काय करावं हे मला आता सांगता येत नाही. मी इथे फक्त एका गेटवर काय केलं तेवढंच सांगतोय.

बाबा गेले. इथेच दिल्लीत त्यांना माती दिली. मी तोवर दिल्लीबाहेर मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सिक्युरिटीचा प्रमुख म्हणून लागलो होतो. तिथे सगळे मला 'सुभेदार साहब' म्हणत, फुकटची बढती. हाताखाली चौदा गार्ड, मिशीला पीळ, बुटांना पॉलिश. मजेत होतो.

मार्चच्या अखेरीची गोष्ट. ठेकेदाराच्या कामगारांना घ्यायला येणारी कंपनीची बस अचानक बंद केली गेली. या लोकांना चार-पाच किलोमीटरवरच्या गावातून शेअर ऑटोला लटकत यावं लागे, उशीर झाला की अर्धा दिवस गैरहजर. एका सकाळी त्यातले तीसेक जण गेटसमोर बसले. घोषणा नाहीत, दगड नाहीत, नुसते बसले. पण आतली पाळी सुटायची होती, बाहेर मालाचे ट्रक खोळंबलेले, आणि मॅनेजरचा फोनवर फोन, "सुभेदार साहब, दस मिनट में गेट खाली चाहिए." ऊन चढत होतं. मी दोनदा सांगितलं, कोणी हललं नाही. लोक शांत बसले की रागावलेल्या माणसाचा राग अजूनच वाढतो, तसं माझं झालं. माझे हात शिवशिवत होते.

त्यांच्यातला एक उठून माझ्याकडे आला. मुनेश नाव. उत्तर प्रदेशातल्या एटाकडचा, पस्तिशीचा, प्रेस मशीनवर काम करायचा, दोन मुलींचा बाप. तो काहीतरी म्हणत होता, "साहब, एक बार ये देख तो लो," आणि बोलता बोलता त्यानं उजवा हात वर उचलला. मी त्याच्या कानाखाली मारली. काठी नव्हती माझ्या हातात, उघड्या पंज्यानं मारली, पण तो पंजा फौजेत कमावलेला होता. मुनेश एकदम खाली बसला. मांडी घालून बसला, जेवायला बसतात तसा, आणि एक हात कानावर ठेवला. बोटांमधून रक्ताचा बारीक ओघळ आला. त्याच्या दुसऱ्या हातात गळ्यातलं ओळखपत्र होतं. त्यावर 'बस सुविधा' असा शिक्का होता. तोच तो मला दाखवत होता. बाकीचे एकेक करून उठले आणि बाजूला झाले. दहा मिनिटंही लागली नाहीत.

खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी खुशीत होतो. मॅनेजरनं पाठ थोपटली होती, "शाबास, बिल्कुल फौजी स्टाइल." मी घरी येऊन पोटभर जेवलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक टाइप केलेला कागद समोर आला. मुनेशनं सुरक्षा अधिकाऱ्यावर हात उचलला, अधिकाऱ्यानं स्वसंरक्षणासाठी त्याला रोखलं, असं त्यात होतं. मी सही केली. हात उचलला होता ना? उचललाच होता. ही पळवाट मला इतक्या चटकन सापडली की आज लाज वाटते. माझ्या गार्डांनीही सह्या केल्या, साहेबांनी केली म्हणून. मुनेशचं कार्ड जमा करून घेतलं, पंधरवड्यानं चौकशी ठेवली. चौकशीत आरोप सिद्ध झाला तर त्या पट्ट्यातल्या कुठल्याच कारखान्याचं गेट त्याला उघडलं नसतं. हे मला चांगलं ठाऊक होतं. अशी नावं एका गेटवरून दुसऱ्या गेटवर पोचवणारे आम्हीच सिक्युरिटीवाले.

मग ईस्टरच्या आधीचा दुःखसहनाचा सप्ताह आला. आमच्या मंडळीत गुरुवारी संध्याकाळी शुभवर्तमानातला प्रभूच्या अटकेचा आणि मरणाचा सगळा भाग वाटून वाचतात. एक जण पिलात होतो, एक जण कैफा, बायका दासी होतात, पाळकसाहेब प्रभूचे शब्द वाचतात. माझा आवाज मोठा म्हणून पेत्र कायम माझ्याकडे. आणि आमच्याकडे एक प्रथा पडून गेली होती, कोणी पाडली आठवत नाही, बहुतेक मीच. बागेत पेत्र तलवार काढून प्रमुख याजकाच्या दासाचा कान छाटतो, त्या ठिकाणी मी पुढच्या लाकडी बाकावर पंजा आपटायचो. फाड्‌! पोरं वर्षभर त्या आवाजाची वाट बघायची. दिल्लीत वाढलेली पोरं, निम्मं मराठी डोक्यावरून जाणारं, पण तेवढ्या एका जागी सगळी ताठ बसायची. बाबा असायचे तेव्हा त्या आवाजाला ते डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, प्रार्थनेत आहेत.

त्या गुरुवारीही पोरं सरसावून बसली. मी हात वर केला, आणि तो खाली येईना. कोणी धरला, अडवला असं मी म्हणणार नाही. पाळकसाहेब नंतर म्हणाले की पवित्र आत्म्यानं धरला असेल. असेलही. मला एवढंच माहीत आहे की हात वर होता, समोर बाक होता, आणि त्या बाकाच्या जागी मला मांडी घालून बसलेला माणूस दिसत होता. एक लहानगी कुजबुजली, "मम्मा, अंकल भूल गए क्या?" पाळकसाहेबांनी थोडं थांबून पुढचं वाचलं, की प्रभूनं त्या दासाच्या कानाला स्पर्श केला आणि त्याला बरं केलं. ते वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेल. पण दर वर्षी माझं बाक आपटून झालेलं असे आणि मी पोरांकडे बघून हसत असे, त्यामुळे ते कधी कानात शिरलंच नव्हतं. लगेच पुढे प्रभूचे हात बांधतात. म्हणजे मोकळ्या हातांनी त्यानं जे शेवटचं काम केलं, ते आपल्याच माणसानं केलेली जखम भरण्याचं. शत्रूनं केलेली नव्हे, आपल्या माणसानं, त्याच्याच प्रेमापोटी केलेली. मी खाली बसलो. त्या दिवशी पेत्राच्या पुढच्या ओळी दुसऱ्या कोणीतरी वाचल्या.

घरी येऊन शैलाला सगळं सांगितलं. तोवर तिला फक्त 'गेटवर थोडी गडबड झाली' एवढंच माहीत होतं. तिनं ऐकून घेतलं, गॅस बंद केला. मी म्हटलं, "आज रात्रभर प्रार्थना करतो, त्याचा कान बरा होऊ दे म्हणून." ती म्हणाली, "करा. पण अहो, त्याच्या कानाला नक्की काय झालंय ते आधी जाऊन बघा तरी. देवालाही पत्ता नीट सांगावा लागतो." आमच्या घरात शास्त्र वाचणारा मी, आणि हे सांगणारी ती.

उत्तम शुक्रवारी, आयुष्यात पहिल्यांदा, मी उपासनेला गेलो नाही. मानेसरच्या पुढे मुनेश राहतो त्या गावात गेलो. गाव म्हणजे आता नुसत्या खोल्यांच्या रांगा. तीन-तीन मजली, प्रत्येक मजल्यावर वीसेक दारं, सगळी एकसारखी निळी. मी कोणाला मुनेशचं नाव विचारलं की माणूस आधी माझ्या मिशीकडे बघे, मग बुटांकडे, आणि म्हणे, "पता नहीं साहब." तासभर फिरलो. ऊन मी म्हणत होतं. मनात आलं, प्रयत्न तर केला, आता परत फिरावं, तीन वाजेपर्यंत उपासनेचं शेवटचं गीत तरी मिळेल. चक्क देवाचं नाव घेऊन पळ काढायच्या बेतात होतो. तेवढ्यात नळावर बादली भरणारी एक म्हातारी उठली. काही न विचारता तिनं माझं उजवं मनगट धरलं, खोडकर पोराचं धरतात तसं, आणि म्हणाली, "कान वाले के घर जाना है ना?"

मी 'कान' हा शब्दसुद्धा तोंडातून काढला नव्हता. दोन आठवड्यांत त्या वस्तीत मुनेशचं नावच ते पडलं होतं. माझ्या हातानं त्याला दिलेलं नाव. म्हातारीनं मला दोन जिने चढवून एका दारासमोर उभं केलं, मनगट सोडलं आणि गेली. ती कोण होती हे मी नंतर मुनेशच्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, इथे रोज नवी माणसं येतात, असेल कोणाची तरी आई. मी त्याहून जास्त काही म्हणत नाही. पण ती उठली नसती तर मी परत फिरलो असतो, हे मात्र नक्की.

दार उघडं होतं. मुनेश कॉटवर दाराकडे तोंड करून, खाली मान घालून बसला होता. मी हाक मारली, त्याला ऐकू गेली नाही. पुन्हा मारली. तेव्हा त्यानं हनुवटी जरा वर केली, मान डावीकडे वळवली आणि उजवा कान माझ्याकडे आणला.

मी दाराची चौकट धरली. ती मान मी सहा वर्षं रोज बघत होतो. जेवताना, टीव्हीसमोर, त्या डाव्या भिंतीशी. वय झालं म्हणून ऐकू येत नाही, असं आम्ही सगळे म्हणत होतो. वयानं एकच कान कसा जाईल, हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मला बघून मुनेश धडपडत उठला आणि त्यानं हात जोडले. "साहब, मैंने किसी से कुछ नहीं कहा. कसम से." मी माफी मागायला आलो होतो आणि तो मला घाबरून हात जोडत होता. त्याच्या बायकोनं त्यातही स्टीलच्या ग्लासात पाणी आणून दिलं. कानाचा पडदा पूर्ण फाटलाय, आत पू झालाय, औषधानं पू थांबेल पण ऐकू येणं कठीण, असं डॉक्टरनं सांगितल्याचं ती जमिनीकडे बघत म्हणाली. मी माझ्या मोडक्या हिंदीत, नाही, हिंदी माझी चांगली आहे, त्या दिवशी ती मोडली, म्हणालो, "मुनेश, मुझे माफ कर दे भाई." त्यानं माझ्या हातातला ग्लास घेऊन खाली ठेवला. मग म्हणाला, "माफी का क्या है साहब. वो भी दे देंगे. आप बस ये लिख दो कि हाथ मैंने नहीं उठाया था."

परत येताना हायवेच्या कडेला एका झाडाखाली थांबलो आणि नगरला अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला फोन लावला. म्हटलं, "अक्का, बाबांचा डावा कान कशानं गेला होता?" ती म्हणाली, "तुला माहीत नाही? अरे, तो बाजारातला मेला दारुडा. महिनाभर कान वाहत होता. आई रोज रात्री कापसानं पुसायची, तू झोपल्यावर." मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "बाबांनीच बजावलं होतं. म्हणाले, पोराला कळलं तर त्याच्या मनात त्या माणसाविषयी डूख राहील. त्यापेक्षा त्यानं मला भित्रा म्हटलेलं परवडलं." बाजूनं ट्रक जात होते. मी तिथे रस्त्यावर, पन्नाशी उलटलेला माणूस, लहान पोरासारखा हमसून हमसून रडलो. चोवीस वर्षं बाबांमधल्या ज्या गोष्टीपासून पळायला मी बंदूक उचलली, ती भीती नव्हतीच. आणि दर वर्षी त्या हॉलमध्ये बाकावर पंजा आपटून मी त्यांना तोच आवाज ऐकवत होतो.

रविवारी पहाटे आमची मंडळी कबरस्तानात पुनरुत्थानाची उपासना करते. सगळे आपापल्या माणसांच्या कबरीवर फुलं ठेवतात. मी फाटकापाशीच उभा राहिलो. शैला फुलं घेऊन एकटीच बाबांकडे जाऊन आली. "येत नाही?" तिनं विचारलं. म्हटलं, आधी सोमवार होऊ दे. कोणाशी बिनसलं असेल तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्याच्याकडे जा, हे बाबांनीच मला पाठ करून घेतलं होतं.

सोमवारी चौकशी होती. लांब टेबल, मॅनेजर, ठेकेदार, बाहेरून आणलेला एक वकील. मुनेश कोपऱ्यातल्या खुर्चीवर, उजवा कान टेबलाकडे करून. माझा जबाब वाचून दाखवला गेला आणि विचारलं, हा तुमचाच ना? मी म्हणालो, "सही माझी आहे. मजकूर खोटा आहे. त्याच्या हातात कार्ड होतं. हात मी उचलला." मॅनेजर हसला, "सुभेदार साहब, सोच लीजिए, बाहर गर्मी बहुत है." मी कोरा कागद मागितला आणि त्यांच्यासमोर स्वतःच्या हातानं सगळं लिहून दिलं, हिंदीत, म्हणजे मुनेशलाही वाचता येईल. मोठं शौर्य वगैरे काही वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत माझी नोकरी गेली. घरी सांगितलं तर शैला म्हणाली, "बरं झालं. सकाळी पाण्याची मोटर लावायला माणूस हवाच होता." आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

मुनेशवरचा आरोप रद्द झाला, कार्ड परत मिळालं. बसही काही महिन्यांनी सुरू झाली म्हणतात. पण प्रेसवर उभं राहायला दोन्ही कान लागतात, भोंगा कुठून वाजतोय ते कळावं लागतं. त्याला पॅकिंगला टाकलं. शैलानं ओळखीच्या एका मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनीही मान हलवली. मी उपास केले, मंडळीनं प्रार्थना केल्या. प्रभूनं त्या दासाचा, मल्खाचा, कान बरा केला, मुनेशचा केला नाही. का, हे मी विचारून थकलो. दिवाळीला मुनेश गावी गेला तो परतलाच नाही, आता तिथेच शेती बघतो. कधीमधी मी फोन करतो. त्यानं उचलला की आधी खडखड ऐकू येते. सवयीनं तो फोन डाव्या कानाला लावतो, मग आठवून उजव्याला नेतो. ती खडखड मला दर वेळी ऐकावी लागते. माफ केलं असं तो अजून म्हणालेला नाही, आणि मी विचारत नाही. धाकटी कितवीत गेली, पाऊस झाला का, एवढंच बोलतो. फोन उचलतो हीच त्याची कृपा.

पुढच्या वर्षी वाचनाचे भाग वाटताना मी पाळकसाहेबांना सांगितलं, मला मल्ख द्या. ते म्हणाले, "अहो, त्याला एकही ओळ नाही." म्हटलं, तेच बरं. तेव्हापासून पेत्र दुसरा एक जण वाचतो, बाक कोणी आपटत नाही. त्या जागी सगळे जरा थांबतात. पोरं आधी हिरमुसली, आता सवय झाली. मी डाव्या भिंतीला लागून, बाबांच्या जागेवर बसतो आणि प्रभूचा हात पुढे येतो तो भाग ऐकतो. आता रोज सकाळी उठल्यावर मी माझा उजवा हात उघडून धरतो आणि म्हणतो, प्रभू, आज हा तुझ्याकडे ठेव, माझ्याकडे ठेवू नकोस. एवढीच माझी प्रार्थना उरली आहे. गुरुवारी तो हात हवेतच राहिला आणि शुक्रवारी एका म्हातारीनं तो धरून नेला, त्याबद्दल मी रोज त्याचे आभार मानतो.

त्या सोमवारनंतरच्या मंगळवारचं सांगायचं राहिलं. नोकरी नव्हती, सकाळ मोकळी होती. मी एकटाच कबरस्तानात गेलो. रविवारची फुलं सुकून गेली होती. बाबांची कबर साधी आहे, मधोमध नाव कोरलेली एक फरशी, त्यावरून काही कळेना. म्हणून तिथल्या चौकीदाराला विचारलं, "भाई, सिर किस तरफ है?" त्यानं जरा नवलानं माझ्याकडे बघितलं आणि हातानं दाखवलं. मग मी कबरीला वळसा घातला, त्यांच्या उजव्या कानाच्या बाजूला जाऊन जमिनीवर बसलो, आणि म्हटलं, "बाबा, मी आलोय."